पहिल्या वळणावर दोषी कोण? आधी नावं झाका, मग बोला

नोव्हेंबर २०२५, ब्राझीलची फॉर्म्युला वन शर्यत. आपल्याकडे रविवारी रात्री साडेदहाला सुरू झालेली. सुरुवातीलाच अपघात, मग सेफ्टी कार, आणि सहाव्या फेरीला शर्यत पुन्हा सुटली. सगळ्यात पुढे नॉरिस. त्याच्या मागे सरळ रस्त्यावर तिघे शेजारी-शेजारी आले. आत पियास्त्री, मध्ये अँटोनेली, बाहेर लक्लेर. पहिल्या वळणाला ब्रेक लावताना पियास्त्रीचं पुढचं चाक लॉक झालं. तो अँटोनेलीला लागला, अँटोनेली लक्लेरला. लक्लेरचं चाकच मोडलं आणि काही चूक नसताना त्याची शर्यत तिथंच संपली.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला निकाल यायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. "पियास्त्रीला बॅन करा." लगेच खाली दुसरा, "अँटोनेली आंधळा आहे का? आतली गाडी दिसत नाही?" टीव्हीवर अजून रिप्लेसुद्धा आला नव्हता. रात्री बारापर्यंत मेसेज वाचायची सोय उरली नाही. एकमेकांच्या लग्नात जेवलेली माणसं एकमेकांची अक्कल काढत होती. कुणासाठी? तर ज्यांना आपण आयुष्यात कधी भेटणार नाही अशा तीन पोरांसाठी.

त्या रात्री स्टुअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, पियास्त्रीला दोषी धरून दहा सेकंदांची शिक्षा दिली. आतून ओव्हरटेक करताना तुमचं पुढचं चाक समोरच्याच्या आरशाच्या बरोबरीला आलेलं असावं, असं मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि पियास्त्री तेवढा पुढे पोचला नव्हता. निकाल नियमाला धरून होता. पण ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान झालं तो लक्लेर काय म्हणाला? त्याचा सूर असा होता की पियास्त्रीनं जरा जास्तच आशा धरली, पण अँटोनेलीनंही आत कुणी नाहीच असं समजून वळण घेतलं. शर्यत ज्याची गेली तो माणूस दोष वाटून देतो. आणि आपण इथं खाटेवर पडून, मोबाईलच्या पाच इंची पडद्यावर बघून, एकाला फाशी आणि दुसऱ्याला निर्दोष सोडतो.

माझं भांडण याच सवयीशी आहे. फॅननी वाद घालू नये असं मी म्हणत नाही. वाद हवाच, नाहीतर शर्यत बघायची कशाला? पण पहिल्या वळणावरच्या धडकेत आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवतो. "चूक कोणाची?" हा एक प्रश्न. "असं झालं कशामुळे?" हा दुसरा. पहिला प्रश्न सोपा वाटतो, कारण उत्तरात एक नाव लागतं. दुसऱ्यात डोकं लागतं. म्हणून आपण पहिला विचारतो आणि दुसरा विसरतो. हे किती महागात पडतं, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल. त्यात माझीही एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

ज्यांना एफवन माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. वीस-बावीस गाड्या दोन ओळींत, पुढे-मागे अशा उभ्या असतात. एका जागेपासून पुढच्या जागेपर्यंत अंतर आठ मीटर, म्हणजे आपल्या एसटीच्या लांबीपेक्षाही कमी. दिवे विझले की सगळे एकदम सुटतात. शून्यापासून शंभरचा वेग गाठायला तीन सेकंदही लागत नाहीत. टाकी भरलेली, त्यामुळे गाडी दिवसभरातली सर्वांत जड. उभं राहिल्यानं टायर आणि ब्रेक थंडावलेले. त्यात या गाड्या हवेच्या दाबानं रस्त्याला चिकटतात, आणि पुढे दहा गाड्या असल्या की मागच्याला स्वच्छ हवाच मिळत नाही. म्हणजे ब्रेक लागतो, पण नेहमीसारखा लागत नाही. आरसे तळहाताएवढे. शेजारच्याच्या पलीकडे कोण आहे हे दिसणं मुश्किल. पहिल्यानं ब्रेक थोडा आधी दाबला की पाचव्याला जास्त दाबावा लागतो आणि दहाव्याला आणखी जास्त. जत्रेच्या गर्दीत पुढचा एक माणूस थबकला की मागे काय होतं ते आठवा. तसंच, फक्त दोनशेच्या वेगानं.

या सगळ्याचा निवाडा करताना स्टुअर्ड्स एक कसोटी लावतात. एखादा ड्रायव्हर पूर्णपणे किंवा मुख्यत्वे दोषी आहे का? तसं स्पष्ट दिसत नसेल तर शिक्षा नाही. पहिल्या फेरीत ते जरा सैल हातानं घेतात, कारण वर सांगितलेली परिस्थिती त्यांनाही माहीत असते. त्यांच्यासमोर प्रत्येक गाडीतला कॅमेरा असतो, वेगाची आणि ब्रेकची नोंद असते, रेडिओवरचं बोलणं असतं. तरी त्यांना वेळ लागतो. आपल्याला लागत नाही, कारण आपण ठरवूनच बसलेलो असतो.

आता आपला पक्षपात बघा.

सिंगापूर, २०१७. ओला रस्ता, रात्रीची शर्यत. पोलवर फेरारीचा व्हेटेल, शेजारी व्हर्स्टापेन, चौथ्या जागेवर फेरारीचाच रायकोनेन. दिवे विझले. व्हेटेलची सुरुवात साधारण झाली, म्हणून व्हर्स्टापेनला अडवायला तो डावीकडे सरकला. त्याच वेळी रायकोनेन जबरदस्त सुटला आणि व्हर्स्टापेनच्या डावीकडून आला. मधला व्हर्स्टापेन दोन लाल गाड्यांच्या सांदीत सापडला. धडक. तिघेही बाद. वर त्यात अलोन्सोचीही शर्यत गेली. पाचव्या जागेवरून सुटलेला हॅमिल्टन आरामात जिंकला आणि व्हेटेलवरची त्याची आघाडी ३ गुणांवरून थेट २८ वर गेली.

फेरारीनं काय केलं? शर्यत चालू असतानाच ट्विट टाकलं की व्हर्स्टापेननं रायकोनेनला उडवलं आणि मग तो व्हेटेलवर गेला. ज्याला पळायला जागाच नव्हती त्याच्यावर खापर! स्टुअर्ड्सनी नंतर सगळं तपासून सांगितलं की कुणी एक जण पूर्ण किंवा मुख्यत्वे दोषी नाही. पण तोवर फेरारीवाल्या जगभरच्या पोरांना घोषणा मिळाली होती. आमच्या ग्रुपवरचे दोघं आजही तीच म्हणतात.

मोठ्या टीमसुद्धा सुधारत नाहीत. ऑस्टिन, २०२५ ची स्प्रिंट शर्यत. पहिल्याच वळणावर मॅकलारेनच्या दोन्ही गाड्या बाद. पियास्त्री बाहेरून आत वळला, आतल्या हल्केनबर्गशी धडकला आणि उडून स्वतःच्याच सहकाऱ्यावर, नॉरिसवर गेला. मॅकलारेनचे प्रमुख झॅक ब्राऊन कॅमेऱ्यासमोर लगेच हल्केनबर्गवर घसरले. स्टुअर्ड्सनी कुणालाच शिक्षा केली नाही. नंतर शांतपणे फुटेज बघितल्यावर मॅकलारेनचाही सूर बदलला आणि पियास्त्रीच्या वाट्याला थोडी जबाबदारी आली. करोडोंची यंत्रणा आणि इंजिनिअरांची फौज असलेल्या टीमचा पहिल्या दहा मिनिटांतला निकाल चुकतो. मग तुमचा-माझा एका मिनिटातला बरोबर कसा येईल?

आणि आपण किती पटकन कोलांटी मारतो! २०२१ चा जुलै. सिल्व्हरस्टोनला पहिल्या फेरीत, कॉप्स नावाच्या वेगवान वळणावर हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन भिडले. व्हर्स्टापेन ५१ जीच्या झटक्यानं भिंतीवर. हॅमिल्टन मुख्यत्वे दोषी ठरला, दहा सेकंदांची शिक्षा भोगूनही जिंकला. व्हर्स्टापेनचे चाहते म्हणाले, हा गुन्हेगार आहे. हॅमिल्टनचे म्हणाले, रेसिंग आहे, होतं असं. बरोबर दोन आठवड्यांनी हंगेरी. ओल्या रस्त्यावर बोटासनं पहिल्या वळणाला ब्रेक उशिरा दाबला, नॉरिसला मागून ठोकलं, नॉरिस व्हर्स्टापेनवर गेला. बोटास हॅमिल्टनचा सहकारी. झालं! "मर्सिडीजनं मुद्दाम बोलिंग टाकली." पुरावा? काही नाही. त्याच वळणावर, त्याच क्षणी, अ‍ॅस्टन मार्टिनच्या स्ट्रोलनं अगदी तशीच चूक करून लक्लेरला बाद केलं होतं. त्याचा कट कुणी रचला, हे मात्र कुणी विचारलं नाही. स्ट्रोलच्या चुकीत आपल्याला रस नव्हता, कारण तिथं आपला कुणी मेला नव्हता.

यावर काही जण म्हणतील, "म्हणूनच आम्ही म्हणतो, पहिल्या वळणाला दोष द्यायचाच नाही. रेसिंग इन्सिडेंट म्हणा आणि सोडा." हा दुसरा आळशीपणा. शहाणपणाचा मुखवटा घातलेला.

सुझुका, १९९०. विजेतेपदाची लढत आयर्टन सेना आणि अ‍ॅलेन प्रोस्ट यांच्यात. सेना पोलवर. पण पोलची जागा ट्रॅकच्या मळक्या बाजूला होती आणि दुसऱ्या जागेवरच्या प्रोस्टला स्वच्छ बाजू. सेनानं बाजू बदलून मागितली होती. मिळाली नाही. त्याला खात्री होती की वरिष्ठ पदाधिकाऱ्यांनी हे मुद्दाम केलं. सुरुवातीला प्रोस्ट पुढे गेला. पहिल्या उजव्या वळणाला सेनानं पाय उचललाच नाही. दोघेही धुळीच्या लोटात रेतीत गेले. प्रोस्टची संधी संपली, सेना विश्वविजेता. शिक्षा शून्य. एक वर्षानं, त्याच सुझुकात, सेनानं स्वतः जवळजवळ कबूल केलं की आपण ठरवूनच गेलो होतो.

आता याला रेसिंग इन्सिडेंट म्हणायचं? दोनशेच्या पुढच्या वेगात, मागून सगळी रांग येत असताना, हिशेब चुकता करायला ठोकणं? सेना माझा लहानपणापासूनचा हिरो. भिंतीवर त्याचं पोस्टर होतं. तरी सांगतो, त्या दिवशी त्यानं जे केलं ते चूक होतं आणि त्याला शिक्षा व्हायला हवी होती. त्याच वेळी पोल मिळवणाऱ्याला मळकी बाजू देणं हासुद्धा अन्यायच होता. दोन्ही गोष्टी खऱ्या. व्यवस्था चुकली म्हणून सेना सुटत नाही. सेना चुकला म्हणून व्यवस्था सुटत नाही. एवढं एक वाक्य आपल्याला पचलं तर निम्मी भांडणं मिटतील.

आता शिक्षा कशावर ठरते, तेही बघा. स्पा, २०१२. ग्रोजाँ सुटल्यावर उजवीकडे सरकत गेला, तिथं हॅमिल्टन होता. दोघांची चाकं एकमेकांत अडकली आणि पहिल्या वळणावर ग्रोजाँची गाडी अलोन्सोच्या डोक्याजवळून उडाली. ते दृश्य आजही बघवत नाही. ग्रोजाँला एका शर्यतीची बंदी आणि ५० हजार युरो दंड. चूक त्याचीच होती, यात शंका नाही. पण स्टुअर्ड्सनी कारणांमध्ये हेही लिहिलं की विजेतेपदाचे आघाडीचे दावेदार या धडकेत बाद झाले. हे मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. त्या दिवशी अलोन्सो गुणतक्त्यात पहिला होता आणि मोसमाअखेर त्याचं विजेतेपद अवघ्या ३ गुणांनी हुकलं, हे सगळं खरं. पण म्हणजे अलोन्सोऐवजी शेवटच्या रांगेतला कुणी गरीब सापडला असता तर चूक लहान झाली असती का? त्याच्या डोक्याची किंमत कमी?

म्हणून स्टुअर्ड्सवर टीका करायची तर अशी करा. २०१८ मध्ये त्याच स्पाच्या पहिल्या वळणाला हल्केनबर्गनं ब्रेक उशिरा दाबून अलोन्सोला मागून उडवलं. अलोन्सोची गाडी लक्लेरच्या डोक्यावरच्या हेलोला घासून गेली. हल्केनबर्गला पुढच्या शर्यतीत दहा जागांची शिक्षा. २०२१ ला हंगेरीत बोटासला त्याच प्रकारच्या चुकीसाठी पाच जागांची. एक रस्ता कोरडा, एक ओला, हा फरक मान्य. पण तो फरक पाच जागांचा का, हे विचारा. हा खरा वाद आहे. यात नियम आहे, मोजमाप आहे, आणि उत्तर मागायचा आपल्याला हक्क आहे. "फिक्सिंग आहे" म्हणून ओरडण्यात यातलं काहीच नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मॉन्झा, १० सप्टेंबर १९७८.

गाड्या ग्रिडवर येत होत्या. पुढच्या थांबल्या होत्या, मागच्या अजून चालत होत्या. सुरुवात करून देणाऱ्यानं त्याआधीच हिरवा दिवा दिला. मागचे चालत्या गाडीनं सुटले, पुढचे उभ्यानं. रुंद सरळ रस्ता पहिल्या वळणाकडे अरुंद होत जात होता. नरसाळ्यात धान्य ओतावं तशा गाड्या एकमेकींवर आल्या. धडक झाली. रॉनी पीटरसनची लोटस बॅरिअरवर आदळली आणि पेटली. सकाळच्या सरावात त्याची नवी गाडी मोडली होती, म्हणून तो जुन्या गाडीत होता. जेम्स हंट, रेगॅझोनी आणि देपाये या ड्रायव्हरांनी त्याला आगीतून ओढून काढलं. पाय चुरडलेले, पण माणूस शुद्धीवर होता. शर्यतीचे डॉक्टर सिड वॉटकिन्स धावले, तर पोलिसांच्या कड्यानं त्यांनाच अडवलं. रुग्णवाहिका यायला दहा मिनिटांहून जास्त वेळ गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिलानच्या हॉस्पिटलमध्ये पीटरसन गेला.

आता मोजा किती कारणं झाली. घाईत दिलेला दिवा. अरुंद होणारा रस्ता. जुनी गाडी. अडवलेले डॉक्टर. उशिरा आलेली रुग्णवाहिका.

आणि दोषी कोण ठरला? २४ वर्षांचा रिकार्डो पात्रेसे. हंटचं म्हणणं पडलं की पात्रेसे त्याच्या अंगावर आला म्हणून तो पीटरसनवर गेला. पात्रेसेचं म्हणणं, मी तर आधीच पुढे निघून गेलो होतो. पण त्याचं कोण ऐकतो? पोरगा उद्धट म्हणून आधीच बदनाम. हंट माजी विश्वविजेता. बड्या ड्रायव्हरांनी ठरवलं की हा असेल तर आम्ही पळणार नाही, आणि अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेनच्या शर्यतीतून पात्रेसेला बाहेर ठेवलं गेलं. न्यायालयाआधी सहकाऱ्यांनीच निकाल दिला. इटलीत त्याच्यावर आणि सुरुवात करून देणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला चालला. १९८१ मध्ये न्यायालयानं दोघांनाही निर्दोष सोडलं. पुढे पात्रेसे २५६ शर्यती पळाला, तेव्हाचा विक्रम. पण हंट बीबीसीवर समालोचक झाला आणि पुढची कित्येक वर्षं तो प्रक्षेपणात पात्रेसेला टोमणे मारत राहिला. एका माणसाच्या मरणाचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर, न्यायालयानं उतरवल्यानंतरसुद्धा.

हे वाचताना मला घाम फुटतो, कारण मीही एक पात्रेसे केला आहे.

वीसेक वर्षं तालुक्याच्या गावात बातमीदारी करतोय. अपघाताच्या बातमीचे आमचे साचे ठरलेले. "भरधाव वेगातील ट्रकने", "चालकाचा ताबा सुटल्याने". ठाण्यातून फोनवर माहिती घ्यायची, चार ओळी टाईप करायच्या, डेडलाईन गाठायची. बाराएक वर्षांपूर्वी एका वळणावर टेम्पो आणि जीपची धडक झाली. जीपमधले दोघं गेले. मी साच्यातली बातमी लिहिली, टेम्पोच्या चालकाचं नाव घालून. जागेवर गेलो नाही. आठ-नऊ महिन्यांनी तो चालक मला एसटी स्टँडवर भेटला. खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं. "साहेब, तुमी आला न्हवता तिथं. रस्त्याचं काम चालू होतं. वळणावरच खडीचा ढीग. ना बोर्ड, ना लाल पट्टी, ना दिवा. रात्री अकराला मला काय दिसणार?" पेपरात नाव आल्यापासून गावात कुणी त्याच्या हाती गाडी देत नव्हतं.

मी तेव्हा त्या जागी गेलो. तोवर ढीग हलला होता. पण मधल्या काळात तिथं आणखी एक मोटारसायकलवाला पडून जायबंदी झाल्याचं शेजारच्या टपरीवाल्यानं सांगितलं. मी पहिल्याच दिवशी गेलो असतो, "असं झालं कशामुळे" विचारलं असतं, खडीच्या ढिगाचा फोटो छापला असता, तर कदाचित तो मोटारसायकलवाला चालत असता. चालकाची थोडीही चूक नव्हती का? असेलही. वेग जास्त असेलही. पण मी एक नाव छापलं आणि विषय संपवला. ठेकेदार सुटला, काम बघणारे सुटले, आणि वाचकाला वाटलं न्याय झाला.

दोष देण्यातला खरा धोका हा आहे. एक नाव मिळालं की सगळ्यांचं समाधान होतं आणि तपास थांबतो.

मॉन्झानंतर सगळेच थांबले नाहीत, हे नशीब. सिड वॉटकिन्सनी आग्रह धरला की पहिल्या फेरीत गाड्यांच्या मागोमाग डॉक्टरांची गाडी पळालीच पाहिजे. सगळ्यात शेवटची गाडी जागेवर थांबल्याशिवाय सुरुवात द्यायची नाही, ही शिस्त बसली. आज टीव्हीवर शेवटच्या रांगेमागे हिरवा झेंडा हलतो, मगच दिवे लागायला सुरुवात होते. ते दृश्य आपण दर शर्यतीला बघतो आणि सोडून देतो. त्या झेंड्यामागे पीटरसन आहे. पात्रेसेला घरी बसवून एकही जीव वाचला नाही. या दोन साध्या नियमांनी मात्र वाचले.

एक वाचलेला जीव नावानिशी सांगतो. २९ नोव्हेंबर २०२०, बहारीन. पहिलीच फेरी. एक ड्रायव्हर उजवीकडे सरकला, मागच्या क्व्हियातच्या चाकाला लागला आणि लोखंडी बॅरिअर फोडून आत घुसला. गाडीचे दोन तुकडे. भडका. सुमारे २८ सेकंद तो माणूस आगीत होता. डोक्यावरच्या हेलोनं कवटी वाचवली. आणि पहिल्या फेरीत मागोमाग पळणारी डॉक्टरांची गाडी काही सेकंदांत तिथं पोचलेली होती. तो स्वतः ज्वाळांतून बाहेर आला, डॉक्टरांनी त्याला धरलं. हात भाजले, जीव राहिला.

त्याचं नाव रोमेन ग्रोजाँ. होय, तोच. २०१२ मध्ये बंदी खाल्लेला. त्याच वर्षी सुझुकात पहिल्या वळणावर वेबरला ठोकल्यावर वेबरनं ज्याला पहिल्या फेरीतला वेडा म्हटलं होतं, तो. बहारीनची चूकही बरीचशी त्याचीच. "दोषी कोण" एवढंच विचारणाऱ्या जगात तो मेला असता आणि आपण म्हणालो असतो, स्वतःच्या कर्मानं गेला. "कशामुळे" विचारणाऱ्यांनी बेचाळीस वर्षांपूर्वी गाडी मागोमाग लावली होती, ती दोषी-निर्दोष बघत बसली नाही. तिघा मुलांचा बाप घरी परत आला.

आता कुणी म्हणेल, "भाऊ, आम्ही ग्रुपवर चार शिव्या घातल्यानं काय बिघडतं? खेळ आहे, मजा आहे." सिल्व्हरस्टोननंतर हॅमिल्टनला वर्णद्वेषी शिव्या पडल्या. एफवन, एफआयए आणि मर्सिडीजला मिळून निषेधाचं पत्रक काढावं लागलं. २०२१ च्या अबू धाबीत लतिफीची गाडी भिंतीला लागली आणि विजेतेपदाचं पारडं फिरलं, तर त्याला जिवे मारण्याच्या धमक्या. लंडनमध्ये सुरक्षारक्षक घेऊन फिरलो, असं त्यानं स्वतः सांगितलं. एक चूक, तीही कुणाला न ठोकता! त्या धमक्या देणारा प्रत्येक जण आधी कुठल्या तरी ग्रुपवर "मजा" करणाराच होता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढच्या शर्यतीला पहिल्या वळणावर धडक होणारच. पुष्कळदा होते. तेव्हा आधी रिप्ले बघा, गाडीतल्या कॅमेऱ्याचा. मग मनातल्या मनात गाड्यांचे रंग बदला. तुमच्या लाडक्याच्या जागी नावडता बसवा, नावडत्याच्या जागी लाडका. तरीही निकाल तोच येत असेल तर बिनधास्त लिहा, मी तुमच्या बाजूनं भांडेन. बदलत असेल तर तो निकाल नव्हे, ते प्रेम आहे. प्रेम करा, फक्त त्याला न्याय म्हणू नका. कृती बघा. कोण बाद झालं आणि किती गुण गेले त्यावरून चुकीचं वजन ठरवू नका. मुद्दाम केलेलं असेल तर सेना असला तरी सोडू नका. आणि एक नाव सापडलं म्हणून थांबू नका. रस्ता कसा होता, सुरुवात कशी दिली, त्याला काय दिसत होतं, हेही विचारा.

हे एफवनपुरतं नाही, हे तुम्हाला कळलंच असेल. उद्या सकाळी पेपरात "चालकाचा ताबा सुटल्याने" वाचाल, तेव्हा बातमीदाराला फोन करा आणि विचारा, वळणावर बोर्ड होता का? आमच्यातल्या काही जणांना राग येईल. येऊ दे. मला त्या कात्रणवाल्यानं विचारलं नसतं तर मी आजही तेच चार शब्द छापत बसलो असतो.

तो टेम्पोवाला आता कुठं आहे, माहीत नाही. कात्रण मात्र त्यानं माझ्याकडेच ठेवलं. अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.